काढेवाल्या काकूचं हसू

आई,

परवा आत्या मटार सोलता सोलता असं काही बोलून गेली की माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ती आता पार थकली आहे, कानांनी कमी ऐकू येतं, पण तोंड तसंच चालू आहे. मी म्हटलं, आत्या, काय म्हणालीस, पुन्हा सांग. तर म्हणते, अच्छा, तुला माहीत नव्हतं काय, मला वाटलं माहीत असेल. आणि पुढची शेंग उचलली. मी उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसले. सून विचारून राहिली की मटार भाजीला किती ठेवू नि पुलावाला किती, आणि मी भलतंच काहीतरी सांगून बसले. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. तुला सांगितल्याशिवाय तो लागणार नाही हे कळलं, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पण आत्या काय म्हणाली ते एकदम सांगत नाही. मी शाळेतून धावत येऊन काही सांगायला लागले की तू म्हणायचीस, असं धाडकन नाही, पहिल्यापासून नीट सांग. तर घे, पहिल्यापासून सांगते.

आपलं जबलपूरचं, गढ्यातलं घर आठव. पुढची बैठक आबाजींची, मागचं स्वयंपाकघर तुझं, आणि मधल्या उंबऱ्यावर मी. सुनेनं सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही ही घरची रीत. बाबा होते तोवर तुझा निरोप त्यांच्या तोंडून जायचा. ते गेले आणि मला बोलता यायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं. तू चुलीपाशी पुटपुटायचीस, मामाजींना विचार, पोळी करू का भाकर. मी उंबऱ्यावरून ओरडायचे, "आबाजी, आई विचारून राहिली, पोळी का भाकर!" माझा आवाज आज एवढा मोठा आहे, नातवंडं कानावर हात ठेवतात, तो त्या उंबऱ्यानं घडवलेला आहे. आणि आबाजी तर तुला निरोपसुद्धा धडपणे द्यायचे नाहीत. तहान लागली की भिंतीकडे पाहून म्हणायचे, "ह्या घरात पाणी असते का नसते?" की तू आत तांब्या भरायला घ्यायचीस. ज्या घरात तू लग्न होऊन आलीस, त्या घराच्या कर्त्या माणसानं तुझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मला तेव्हा ह्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा असतात, अर्ध्या आवाजाच्या.

मग लढाई आली. जबलपूरची छावणी माणसांनी फुगली, ब्रह्मदेशातून जखमी शिपाई गाड्या भरभरून यायला लागले, आणि छावणीतल्या सदर भागात, लष्करी दवाखान्यात शिकलेल्या बायका हव्यात असा निरोप ओळखीच्या लेडी डॉक्टरनं घरी आणला. आबाजी कोर्टात नाझर होते, पेन्शनीत निघाले तरी घर त्यांनी कोर्टासारखंच चालवलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. भिंतीला म्हणाले, ज्याला जायचं त्यानं डोक्यावर पदर घेऊन जावं, आणि गावात एक शब्द ऐकू आला तर दवाखाना बंद, सामान बांधायचं आणि अमरावतीला भावाकडे जायचं. मामाच्या घरी पोरी शाळेत जात नव्हत्या, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून संध्याकाळी रस्त्यावर दवाखान्याची लॉरी यायची तेव्हा तू खाली मान घालून चढायचीस, आणि मी दारातून बघायचे की पदर नीट आहे ना. तुझ्यापेक्षा मलाच त्याची धास्ती जास्त.

आबाजींनी लढाईच्या बातम्यांसाठी रेडिओ घेतला होता, बॅटरीवर चालणारा. ती बॅटरी म्हणजे घरातली सगळ्यात लाडकी व्यक्ती. आठवड्याला सायकलवर बांधून चार्ज करायला बाजारात जायची, आणि तिच्यावर ताण नको म्हणून बातम्या संपल्या की आबाजी बटण बंद करायचे. बैठकीत आळीतले दोन-तीन पेन्शनर यायचे, शेजारचे डाकबाबू यायचे. डाकबाबू आपले इकडचेच, हिंदी बोलणारे, मराठी त्यांना निम्मी कळायची. एका रात्री बातम्यांनंतर काटा सरकला की सरकवला कोण जाणे, खरखरीतून एकदम तबला आणि पेटी ऐकू आली. कोणीतरी म्हणालं, अरे, हे तर सदरवाले. पलटणीत बिनतारी चालवणाऱ्या सिग्नलच्या पोरांनी दवाखान्याच्या मागे रेडिओचं एक छोटं यंत्र बसवलंय, आजाऱ्यांचं मन रमावं म्हणून रात्री गाणीबजावणी करतात, एक दिवस पंजाबी, एक दिवस मद्रासी, आज मराठी दिसते. मी पानाचं तबक घेऊन उभी होते. पेटी थांबली आणि एक बाई बोलली.

"नमस्कार मंडळी. मी काढेवाली काकू. ज्यांना दोन हात आहेत त्यांनी टाळ्या वाजवा. ज्यांना एकच उरलाय त्यांनी शेजारच्याचा एक उसना घ्या."

आई, तो तुझा आवाज होता. चुलीपाशी मला ओरडून नाही, पुटपुटून बोलणारा, पण तोच. कोणीतरी त्याची घडी उलगडून पूर्ण पसरल्यासारखा. ती बाई पुढे सांगून राहिली होती की मोठे डॉक्टरसाहेब रोज सकाळी खाटेखाटेपाशी येतात, ठीक है, असं विचारतात आणि उत्तराआधी पुढे जातात. काल एक जण पहाटेच वर गेला होता. साहेबांनी त्यालाही विचारलं, ठीक है? तो काही बोलला नाही. साहेब म्हणाले, व्हेरी गुड, हाच एक पेशंट तक्रार करत नाही. मग ती बाई हसली. खो खो हसली, आणि हसता हसता शेवटी श्वास वर ओढला तर उचकीसारखा आवाज आला. ते हसू मात्र मला ओळखू आलं नाही. आवाज माझ्या आईचा आणि हसू कोणाचं, हे काही केल्या जुळेना. माझ्या हातातलं तबक कलंडलं, सुपारी सगळीकडे. कोणी माझ्याकडे पाहिलंच नाही, कारण सगळे आबाजींकडे पाहत होते. आबाजी हसत होते. मेलेल्या माणसाच्या विनोदावर, मांडीवर थाप मारून, डोळे पुसून. मी आबाजींना दात दाखवून हसताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं, त्यांना खालचे दात नाहीत हेही मला त्या रात्री कळलं. डाकबाबू प्रत्येकाला विचारत होते, क्या बोली, क्या बोली?

सकाळी तू लॉरीतून उतरलीस, आंघोळ केलीस, चूल पेटवलीस, आणि मी दार लोटून तुझ्यासमोर उभी राहिले. मी काही बोलायच्या आतच तुला कळलं. तू फुंकणी बाजूला ठेवलीस. ऐकू आलं काय इथपर्यंत, एवढंच विचारलंस. तुला खरंच वाटत होतं की ते यंत्र फक्त वॉर्डातल्या भोंग्यांत बोलतं. गढ्यापर्यंत, थेट मामाजींच्या बैठकीपर्यंत त्याचा आवाज पोचतो, हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं. मग हळूहळू तू सगळं सांगितलंस. एका पोराला काढा पाजताना तो तोंड फिरवून राहिला होता, तू सहज काहीतरी बोललीस, अख्खा वॉर्ड हसला, आणि सिग्नलचा हवालदार म्हणाला, बाई, हेच यंत्रापुढे बोला, ही पोरं औषधानं बरी होऊन नाही राहिली. एवढंच. मी विचारलं, तू अशी हसतेस? तू चुलीत लाकूड सारलंस आणि म्हणालीस, हळू बोल.

तू ते बंद करशील असं मला वाटलं होतं, आणि तूही तसंच ठरवलं होतंस. पण त्याच दिवशी दुपारी आबाजी भिंतीला म्हणाले, काल ती कोण बाई होती, बरी होती. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना आवाज ओळखू आला नव्हता. येणार कसा, त्यांनी तो ऐकला होता कुठे? ज्या रीतीनं तुझं तोंड बांधलं होतं तिनंच तुला लपवलं, आणि तू परत गेलीस. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात भीतीचा आणि सगळ्यात मजेचा. आरतीच्या चालीवर तू दवाखान्याच्या पातळ डाळीची आरती म्हटलीस. लढाई जिंकायला निघालेल्या साहेबांना उवा कशा आवरत नाहीत ते सांगितलंस. कपाळ पांढरं असलेली बाई असं काही बोलते हे गावाला कळलं असतं तर दगड पडले असते, आणि गाव बैठकीत बसून टाळ्या देत होतं. आबाजींनी बॅटरीचा ताणबीण विसरून टाकला. मराठीच्या दिवशी ते जेवण लवकर उरकायचे. मी कोपऱ्यात बसून तुझा प्रत्येक शब्द ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता काही घरचं बोलू नकोस, आई, घरचं बोलू नकोस.

आणि तू बोललीस. त्या रात्री काढेवाल्या काकूनं आपल्या सासऱ्याची गोष्ट काढली. म्हणाली, माझे मामाजी इतके शिस्तीचे की शिंक आली तर आधी घड्याळ पाहतात. मंडळी हसली. म्हणाली, सुनेशी बोलत नाहीत, भिंतीशी बोलतात. भिंत मोठी गुणाची, पोळ्या चांगल्या करते. मंडळी आणखी हसली. मग तू घसा खाकरलास आणि आबाजींच्या आवाजात, त्यांच्या त्या खालून वर चढत जाणाऱ्या सुरात म्हणालीस, "ह्या घरात पाणी असते का नसते?" आणि बैठकीत स्फोट झाला. डाकबाबूंनासुद्धा ह्या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही, ते जमिनीवर हात आपटत होते. रोज त्या बैठकीत बसून ते वाक्य त्यांनी ऐकलेलं, पण बोलणारी त्या घरचीच सून असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणाले, नाझरसाहब, बिल्कुल आप! फक्त आबाजी हसायचे थांबले. त्यांचा चेहरा कसाकसा झाला. ते उठले, काठी घेतली आणि कोणाशी न बोलता आतल्या खोलीत गेले. रेडिओ तसाच चालू राहिला, तू तशीच खो खो हसत राहिलीस, आणि मला वाटलं, झालं, अमरावती.

सकाळी मी तुला सांगितलं तेव्हा तू भांड्यांच्या राखेतच खाली बसलीस. आपण वाट पाहिली. आबाजी काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही, नंतर नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तू हवालदाराला सांगून टाकलंस की घसा बसला, आता जमणार नाही. काढेवाली काकू यायची बंद झाली. तिच्या जागी कोणी एक शिपाई गाणी लावायचा, मंडळी उठून जायची. आबाजी मात्र बसून राहायचे.

आणि मग ती दुपार. आबाजींनी मला बैठकीत बोलावलं. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. भिंतीकडे पाहूनच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, ती दवाखान्यातली काढेवाली बाई आजकाल येऊन नाही राहिली. घसा बसला असेल. ओळखीची असेल तर हे तिला दे म्हणावं, ज्येष्ठमध आहे." मी ती पुडी घेऊन आले आणि निरोप शब्दनशब्द सांगितला, तुझ्या शिकवणीप्रमाणे, आबाजींच्याच सुरात. आई, त्यांना सूर एकच होता. पाणी मागायचं असो, समन्स वाचायचं असो, माया करायची असो, तोच खालून वर चढणारा. तू ऐकलंस आणि भिंतीला टेकलीस. म्हणालीस, त्यांना समजलं. आता कोर्टात खेळवतात तसं खेळवून राहिले. मलाही तेच वाटलं. आपण दोघी त्या घरच्याच होतो ना, सरळ बोलणं आपल्याला ठाऊकच नव्हतं, प्रत्येक वाक्याच्या मागं काय आहे ते पाहायचीच सवय. तू म्हणालीस, सांग त्यांना, आई कोणाला ओळखत नाही. मी उंबऱ्यावर जाऊन ओरडले, "आबाजी, आई म्हणते, ती कोणाला ओळखत नाही!" आबाजी म्हणाले, बरं. ती पुडी फडताळात वरच्या फळीवर पडून राहिली. तू तिला हातही लावला नाहीस, जणू त्यात विंचू होता.

पुढचं तुलाच माहीत आहे. लढाई संपली, दवाखाना रिकामा झाला, सिग्नलवाले आपलं यंत्र घेऊन गेले. तू लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात लागलीस, डोक्यावर पदर, खाली मान. माझी शाळा सुटली नाही. मी मॅट्रिकला असताना तुला विषमज्वर झाला. जे तुला माहीत नाही ते एवढंच, की तुला शेवटचं तिलवाऱ्याला, नर्मदेवर नेलं त्या दिवशी आबाजी घाटावर उभे राहिले, घरी आले, आणि भिंतीकडे पाहून काहीच बोलले नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही. मीच तांब्या नेऊन ठेवला. आणि तोपर्यंत, यंत्र गेल्यानंतरही, ते बॅटरी बाजारात पाठवत होते, बातम्या संपल्या की काटा सदरच्या जागेवर नेत होते, तिथं नुसती खरखर, ती थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. आपण आत बसून म्हणायचो, म्हाताऱ्याचा संशय काही जात नाही. तू गेल्यावर त्यांनी रेडिओ डाकबाबूंना देऊन टाकला.

आता आत्याचं सांगते. बोलणं निघालं होतं टीव्हीवरच्या हसवणाऱ्या बायकांचं. आत्या म्हणाली, आमच्या वहिनीसमोर ह्या काय! मी म्हटलं, तुला गं काय माहीत? ती म्हणाली, बाबांनी सांगितलं होतं, तिचे बाबा म्हणजे आपले आबाजी. त्या हिवाळ्यात ती माहेरपणाला आली होती, तेव्हा आबाजी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई हसून राहिली, ऐक." पहिल्या रात्रीपासून त्यांना कळलं होतं. आवाजावरून नाही. तू आणि बाबा, लग्न झाल्यावर, तुमच्या खोलीत रात्री हसायचात म्हणे. मधे एक भिंत, पलीकडे आबाजींची खाट. बाबा काही बोलायचे की तू खो खो हसायचीस आणि शेवटी ती उचकी. आबाजी काठीनं भिंत ठोकायचे, झोपा आता. तुम्ही आणखी हसायचात. बाबा गेल्यावर त्या भिंतीतून पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. आई, ती भिंत. आपण हसत होतो की म्हातारा भिंतीशी बोलतो.

आत्यानं त्यांना विचारलं होतं, मग बाबा, वहिनीला सांगत काहून नाही? तर म्हणाले, "सांगितलं तर बंद करा लागेल. मला माहीत नाही तोवर चालू आहे." त्या पाण्याच्या रात्री ते उठून गेले तेही तिला सांगितलं होतं त्यांनी, नंतर केव्हातरी. हसता हसता रडू यायला लागलं म्हणे, आणि नाझर चार माणसांत कसा रडणार? आत्या म्हणाली, बाबा म्हणत होते, माझी नक्कल माझा पोरगा करायचा, तिनं त्याच्याकडूनच उचलली. आणि शेंगा संपल्या म्हणून तिनं टोपली माझ्याकडे सरकवली.

माझ्या डोक्यात तेव्हापासून ती ज्येष्ठमधाची पुडी फिरते आहे. सरळ अर्थ होता, आई. घसा बसला असेल, घे. इतका सरळ की आपल्याला कळला नाही. तू उरलेली वर्षं त्यांच्या भीतीत काढलीस आणि ते तुझ्या हसण्याची वाट पाहत खरखर ऐकत बसले, मधे एक उंबरा, आणि उंबऱ्यावर मी, घसा फाडून सगळं नेमकं सांगणारी. मला तुझा राग येतो, त्यांचा येतो, त्या रीतीचा तर इतका येतो की परवापासून मी घरात सगळ्यांवर खेकसते आहे.

सून दोनदा डोकावून गेली, कोणाला लिहिताय म्हणून. मी म्हटलं, आईला. ती हो म्हणून गेली, आता बाई म्हातारी झाली असा चेहरा करून. हे कागद कुठे धाडणार, ते माझ्या पातळांच्या खाली ठेवीन. पण एक सांगून टाकते, तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही ते. आत्याचं ऐकून मला आधी रडू आलं नाही. आधी हेवा वाटला. सगळं आयुष्य मी असं समजून होते की त्या रेडिओतली तू फक्त मला ओळखू आलीस. आणि आबाजींनी जे हसू पहिल्याच रात्री ओळखलं, ते मी घरात कधी ऐकलेलंच नव्हतं.